वसंतरावांचा शेवटचा भारा

नागपूरला निघालो तेव्हा वाडीतल्या प्रत्येकाने एकच सांगितलं, येताना संत्री आण. मी संत्री आणायला चाललो नव्हतो. मी बहिणीला आणायला चाललो होतो. परतीची दोन तिकिटं काढून पाकिटात ठेवली होती आणि तिला त्याबद्दल विचारलं नव्हतं. थोरल्या भावाने धाकटीला काय विचारायचं, अशा समजुतीत आमची पिढी वाढली.

सुमन लग्न होऊन नागपूरला गेली त्याला आता पस्तीसेक वर्षं झाली. कुठे आमचं गुहागरकडचं गाव आणि कुठे नागपूर! तेव्हा आईने तोंडाला पदर लावला होता. तिचे यजमान वसंतराव नागपूरजवळच्या बुटीबोरीत एका कापडाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. मूलबाळ झालं नाही. दोघांचं दोघांत बरं चाललं होतं. निवृत्त होऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि गेल्या दिवाळीनंतर एका पहाटे ते झोपेतच गेले. माझं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली होती. तेव्हा गेलो नाही तो फेब्रुवारीत गेलो. मधल्या काळात फोनवर ती काही बोलायची नाही. 'बरं आहे' एवढंच म्हणायची, आणि त्या 'बरं'चा आवाज मला दिवसेंदिवस बरा वाटेनासा झाला होता.

सक्करदरा

तिचं घर सक्करदऱ्याच्या एका जुन्या ले-आउटमध्ये, तलावापासून चालत जाण्याइतकं जवळ. पुढे दोन खोल्या आणि मागे घरापेक्षा मोठी मोकळी जागा. दार उघडलं तेव्हा मला आधी ओळखूच येईना. वाळली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात सुपारीची झावळी वाळते तशी, एका बाजूने.

"ये गा दादा. किती उशीर केला," ती म्हणाली.

तिचं बोलणं आता पुरतं नागपुरी झालंय. लहानपणी मी तिला शिस्तीत बोलायला शिकवायचो, त्याचा मागमूस राहिलेला नाही.

जेवायला गोळाभात होता. डाळीच्या भरड्याचे गोळे भातात शिजवायचे आणि वरून कडकडीत तेलाची फोडणी ओतायची. इतकं तेल आमच्याकडे एका घराला आठवडाभर पुरेल. मी चवीने खाल्लं, कारण ते खरोखर चांगलं होतं. तिने मात्र ताटच घेतलं नाही.

"तू?"

"मी एक वेळच जेवते. सकाळी झालं."

सकाळी तिथे चूल पेटल्याची काही खूण मला दिसली नव्हती. मी नेलेले नारळ तिने फळीवर ओळीने मांडून ठेवले आणि मी असेपर्यंत एकही फोडला नाही.

दुपारी ती मला मागे घेऊन गेली. तिथली माती काळी, आपल्या तांबड्या मातीशी तिचं काही नातं नाही. पावसात फुगते, चिकटते आणि फेब्रुवारीतच तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीत मागच्या भिंतीशी एक अनंत उभा होता. तो मी लगेच ओळखला. आमच्या विहिरीजवळच्या अनंताची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून सुमनने सासरी नेली होती, तेव्हा वऱ्हाडातली मंडळी हसली होती. झाड माझ्या खांद्याएवढं होतं. पानं जरा फिकी, पण जिवंत.

"हे जगलं कसं इथं?" मी विचारलं.

"यांनी जगवलं," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव ती अजूनही घेत नाही.

कुंपणाशी एक भारा रचलेला होता. रायमुनियाच्या, म्हणजे आपल्या घाणेरीच्या, मनगटाएवढ्या काटक्या, बेशरमाच्या पोकळ कांड्या, तरोट्याची लाकूड झालेली खोडं, वर गाजरगवताचा वाळका पेंढा. पावसाळ्यानंतर त्या जागेत माजलेलं सगळं रान वसंतरावांनी कोयत्याने तोडून, जाडीप्रमाणे वेगळं लावून, सुतळीने बांधून ठेवलं होतं. दिवाळीच्या आधी.

"हे एवढं जाळू, मग तुझ्यासंग येते का नाही ते पाहू," सुमन म्हणाली. तिकिटांचा विषय मी काढला नव्हता. तिला कसं कळलं कोण जाणे.

मी मनात म्हटलं, जाळायचं तर जाळू, त्यात काय मोठं! आमचा जन्म जाळण्यात गेला. कोकणात भात पेरण्याआधी जमिनीवर कवळ, पाला, गवत पसरून भाजावळ करतात, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. सगळं जळून राख व्हायला हवी, मऊ आणि पांढरी. आमच्या आंबट तांबड्या मातीला ती राख अमृतासारखी. ज्याच्या वाफ्यात अर्धवट जळकी काटकी सापडेल त्याला आमचे वडील आळशी म्हणायचे.

संध्याकाळी तलावावर फिरायला गेलो. काठाला बेशरमाचं रान होतं, जांभळट फुलांनी भरलेलं. सुमनने तिथे उभं राहून मला सगळं समजावलं. हे लाकूडरान खताच्या खड्ड्यात टाकलं तर वर्षानुवर्षं कुजत नाही. उघड्यावर जाळलं तर गल्ली धुराने भरते आणि हाती राहते राख, जी इथल्या चुनखडीच्या मातीला विष. म्हणून वसंतराव त्याचा कोळसा करत. बॉयलरवर आयुष्य गेलेलं, जाळ कसा वागतो ते त्यांना कळायचं. खाली निमुळता खड्डा घ्यायचा, थोडं पेटवायचं, वरचा थर पांढुरका झाला की पुढचा टाकायचा. जाळ कायम वर ठेवायचा, तो धूर खाऊन टाकतो. शेवटचा थर पांढुरका दिसला की राख व्हायच्या आत पाण्याने विझवायचं. मग तो कोळसा धुवायचा, कुटायचा, शेणकाल्यात आणि आंबट ताकात महिनाभर मुरवायचा आणि मातीत मिसळायचा.

"कोरा कोळसा मातीतलंच खाते," ती म्हणाली. "त्याले आधी पोटभर पाजावं लागते. मग तो माती भुसभुशीत ठेवते, मुळाले हवा लागते. समजून राहिला का तू?"

"जाळ मला शिकवतेस होय गं?" मी म्हणालो.

ती हसली. त्या सबंध मुक्कामात ती तेवढी एकदा हसली.

जरीपटका

पाण्याच्या जुन्या बादल्या तडकल्या होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही जरीपटक्याच्या बाजारात गेलो. बादल्या सक्करदऱ्यातही मिळतात. पण रविवारी जरीपटक्याला जायचं ही त्या दोघांची रीत होती. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, नुसतं फिरायला. गर्दी पुष्कळ. कापडाची दुकानं, पापडाची दुकानं, हातगाड्या, आणि सगळीकडे हिंदी. सुमन त्या गर्दीत सराईतासारखी वाट काढत होती आणि मी गावंढळासारखा मागे मागे.

प्लास्टिकच्या सामानाच्या दुकानात म्हाताऱ्या मालकाने तिला ओळखलं.

"बहुत दिनों बाद, भाभीजी. भाईसाहब नहीं आए?"

"नहीं आए," सुमन म्हणाली. मग निळ्या रंगाच्या बादल्या एकेक उचलून, उन्हाकडे धरून, तळाला चीर आहे का ते पाहू लागली.

"कहना, मैंने याद किया."

"कहूँगी."

बाहेर आल्यावर मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणे, एवढं एकच दुकान उरलंय जिथं ते अजून आहेत. मी तिच्या हातातल्या बादल्या घेतल्या. 

खड्डा

तिसऱ्या दिवशी सकाळीच सुरुवात केली. खड्डा वसंतरावांनीच केलेला होता, आम्ही फक्त आत पडलेला पाला उपसला. शेजारच्या शीलाताई आल्या. त्यांचं नाव या मुक्कामात मी रोज ऐकत होतो. पोस्टात कारकून होत्या, यंदाच निवृत्त झाल्या. त्यांच्या घरात पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो. दोन्ही घरांमधली भिंत कमरेएवढीच असल्यामुळे त्यांची ये-जा भिंतीवरूनच चालायची. माझ्याशी त्या आदराने बोलत, सुमनशी हक्काने.

"वहिनी, काल रात्री काय जेवली वं तू?"

"जेवली न."

"भाऊ, हे खोटं बोलून राहिली. तुमी घेऊन जा इले."

भारा सोडताना सुमनचा हात सुतळीच्या गाठीवर थांबला. ती गाठ वसंतरावांची. तिने ती कापू दिली नाही, नखांनी सोडवली आणि सुतळी गुंडाळून ओच्यात ठेवली. मग गाजरगवत पेटवलं, त्यावर तरोटा, मग बेशरम, मग रायमुनिया. खरंच धूर होईना. जाळ कसा नितळ, उभा! मला मान्य करावं लागलं, मनातल्या मनात.

दुपार व्हायला आली तशी उन्हाने आणि जाळाने सुमनला घेरी आली. रिकाम्या पोटी दुसरं काय होणार? शीलाताईंनी तिला धरून आत नेलं. जाताना ती मला म्हणाली, "दादा, शेवटच्या काड्या राहिल्या. त्यावर पांढरं दिसलं की पाणी ओत. साऱ्या बादल्या. आणि मले उठव."

शेवटच्या काड्या मी टाकल्या. निळ्या बादल्या काठोकाठ भरून ओळीने उभ्या होत्या. खिडकीतून आत पाहिलं तर सुमन झोपली होती. नुसती पडलेली नव्हती, तोंड किंचित उघडं ठेवून, लहानपणी झोपायची तशी गाढ झोपली होती. मी आल्यापासून रोज रात्री तिच्या खोलीतला दिवा चालू असायचा. ही झोप मी मोडायची? शीलाताईही हळूच दार ओढून भिंतीपलीकडे गेल्या.

आणि खड्ड्यात नुसते लालभडक निखारे. आमच्या आईने आम्हाला पेटत्या विस्तवावर कधी पाणी ओतू दिलं नाही. अग्नीच्या तोंडावर मारू नये, तो आपला आपण निजतो, असं ती म्हणायची. शिवाय मला वाटलं, अर्धवट जळलेल्या काटक्या कसल्या ठेवायच्या? बहिणीचं काम नीट करून ठेवावं. उठेल तेव्हा तिला आयतं मिळेल. मी काठी घेतली आणि निखारे खालीवर करून सगळं कसं छान जाळलं. उन्हं उतरेपर्यंत मऊ, पांढरीशुभ्र राख झाली. वडिलांनी पाहिली असती तर पाठ थोपटली असती. घमेलंभर राख मी अनंताच्या बुंध्याशी गोल पसरली, हाताने सारखी केली आणि त्यावर चांगलं दोन बादल्या पाणी घातलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, तेव्हा निदान मारुती तरी होतो.

शीलाताई भिंतीवरून डोकावल्या आणि त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"बापा! भाऊ, हे काय करून ठेवलं तुमी?"

मी समजावू लागलो. आमच्याकडे असं करतात, राख म्हणजे…

"तुमच्याकडं करत असतीन. इथं काहून केलं? त्या झाडाले वसंतभाऊनं राखेचा कण लागू नाही देल्ला हो! कोळसा धुऊन धुऊन हाताची सालं जायची त्याच्या."

तेवढ्यात सुमन दारात आली होती. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. तिने खड्ड्याकडे पाहिलं, अनंताकडे पाहिलं, मग भरलेल्या बादल्यांकडे. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती सरळ अनंतापाशी जाऊन बसली आणि ओंजळीने राखेचा चिखल काढू लागली. मीही बसलो. काढता येईल तेवढा काढला, पण पाणी घालून मीच ती राख भेगांतून खाली पाठवली होती. मला माझीच शरम वाटली. तिकिटं काढणारा, शिकवणारा, जाळ कळणारा मी! काळ्या चिखलाने कोपरापर्यंत भरलेल्या तिच्या हातांकडे मला बघवेना.

"जाऊ दे," ती शेवटी म्हणाली. "यांनी तोडलेलं एवढंच उरलं होतं. आता ते बी झालं."

मग ती उठली, आतून पिठाची चाळणी घेऊन आली आणि खड्ड्याच्या काठावर बसून राख चाळू लागली. अगदी तळाशी, जिथे माझी काठी पोहोचली नव्हती, तिथे राखेखाली दबून काही तुकडे काळे राहिले होते. बोटाच्या पेराएवढे. चाळणीत ते खुळखुळायचे. ती एकेक उचलायची, फुंकायची आणि पदरात ठेवायची. शीलाताई भिंत ओलांडून आल्या आणि तिच्याशेजारी बसल्या. त्याही वेचू लागल्या. मीही.

बराच वेळ चाळणीचाच आवाज होता.

"तिसऱ्या दिवशी घाटावर मले नेलं नव्हतं, दादा," सुमन मान वर न करता म्हणाली. "चुलत दीर म्हणाले, बाया येत नाहीत. दारातून कलश पाहिला फक्त. लाल फडक्यात बांधलेला."

"मी म्हटलं होतं," शीलाताई म्हणाल्या. "आमच्याकडं बाया जातात न घाटावर. माझ्या मायच्या वेळी मीच गेली. मी इले म्हटलं, चाल, मी येते तुझ्यासंग. कोनी येऊ नाही देल्लं."

सुमनने एक तुकडा उचलला, अंगठ्याने राख पुसली. "वेचायचं होतं मले," ती म्हणाली आणि मग तिला रडू फुटलं. शीलाताईंनी मला नंतर सांगितलं की इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच रडत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या हाताची राख तिच्या केसांना लागली. 

दिवेलागणीला तुकडे मोजके हाती लागले होते. तिने ते पाण्याने धुतले, पाणी निवळ येईपर्यंत धुतले. वसंतराव बुटीबोरीला न्यायचे तो स्टीलचा डबा काढला, त्यात तुकडे घातले आणि वर आंबट ताक ओतलं. झाकण लावून डबा देवघराच्या खाली नाही, मोरीपाशीही नाही, तिच्या उशाशी ठेवला.

निघताना

त्यानंतर आणखी दोन दिवस राहिलो. सकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्री-पोहे खाल्ले. वरची झणझणीत लाल तर्री एरवी मला डोळ्यांतून पाणी आणण्याइतकी आवडली असती. सुमन रोज संध्याकाळी अनंताला वाटीभर ताक घालायची. राखेला उतारा म्हणून. पानांच्या शिरा हिरव्या राहिल्या होत्या आणि मधली जागा पिवळी पडत चालली होती. मी ते पाहायचो आणि नजर फिरवायचो.

"दादा, तू जा. माझ्यानं आता नाही होत येणं," ती निघायच्या आदल्या दिवशी म्हणाली.

"झाडासाठी राहतेस?"

"त्याले असं टाकून कशी येऊ?"

 ती माझ्याबरोबर यायला जवळजवळ तयार झाली होती. भारा जळून कोळसा मुरायला घातला की तिचं तिथलं शेवटचं काम संपणार होतं; महिनाभराने तो मातीत मिसळायला शीलाताई होत्या. ते काम मी एका दुपारीत न संपणारं करून ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शीलाताईंनी मला स्टेशनवर सोडायला आपल्या भाच्याची गाडी बोलावली आणि वर म्हणाल्या, "भाऊ, मनाले लावून घेऊ नका. मी पाहते तिच्याकडं." त्यांच्या या चांगुलपणाने मी आणखीच खाली पाहिलं.

वाडीत परतलो तर सगळे विचारतात, संत्री कुठेत? सुमन कुठाय, असं एकट्या बायकोनेच विचारलं.

आमच्याकडे आता भाजावळीचे दिवस आले आहेत. संध्याकाळी डोंगरभर धूर असतो. यंदा आमच्या वाफ्यात मी काडी लावली नाही, गड्याला लावायला सांगितली आणि घरात येऊन बसलो. काल तिला फोन केला.

"पानं?"

"पडली. सारीच पडली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण खोड नखानं खरवडून पाहते न मी. आत हिरवं आहे."

"कधी पाहिलंस?"

"आज सकाळी. रोजच पाहते. ताक घालते अन् पाहते."

"आणि तू? तू जेवलीस का गं?"



"ताक घेतलं न, दादा. झाडाले घालून उरलं होतं."